सारथ्याच्या चेहऱ्यावरचे व्रण

चेन्नईच्या तिरुवल्लिकेणी भागात पार्थसारथीचं मंदिर आहे. इंग्रजांच्या जिभेला ते नाव पेललं नाही, म्हणून त्यांनी त्याचं ‘ट्रिप्लिकेन’ करून टाकलं. पण मूळ तमीळ नावाचा अर्थ मोठा गोड आहे - पवित्र कुमुदिनींचं तळं. आठव्या शतकात, पल्लव राजांच्या काळात उभं राहिलेलं हे मंदिर. इथला कृष्ण गोकुळातला बाळकृष्ण नाही की बासरी वाजवणारा मुरलीधरही नाही. त्याला भरघोस मिशा आहेत, हाती शंख आहे, पण सुदर्शन चक्र नाही. कुरुक्षेत्रावर शस्त्र धरणार नाही, असा शब्द देऊन तो रथावर बसला होता ना!

मिरवणुकीत निघणाऱ्या उत्सवमूर्तीच्या चेहऱ्यावर बारीक व्रण आहेत. भाविक सांगतात, हे भीष्मांच्या बाणांचे व्रण. बाण सुटले होते अर्जुनाच्या दिशेने, पण रथात पुढे बसतो तो सारथी. त्यामुळे घाव पहिल्यांदा त्याच्याच तोंडावर. लढाई अर्जुनाची, जयजयकारही अर्जुनाचा, आणि व्रण मात्र सारथ्याचे!

या मंदिरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर, बकिंगहॅम कालव्याच्या कडेला, चेपॉकचं क्रिकेट स्टेडियम आहे. मरीना समुद्रकिनाराही जवळच. संध्याकाळी समुद्रावरून वारा सुटला की या मैदानावर घामाने निथळणाऱ्या खेळाडूंना जरा हायसं वाटतं. सारथ्याची आठवण यावी असं बरंच काही २०२४ च्या जून-जुलैमध्ये याच मैदानावर घडलं. भारताच्या मुलींचा संघ तिथे दक्षिण आफ्रिकेशी खेळत होता आणि त्या संघाचे प्रशिक्षक होते मुंबईचे अमोल मुझुमदार.

दोन दिवस पॅड बांधून

मुझुमदारांची गोष्ट सुरू होते ती मुंबईच्या आझाद मैदानावर. साल १९८८, महिना फेब्रुवारीचा. हॅरिस ढाल स्पर्धेचा उपांत्य सामना. शारदाश्रम विद्यामंदिराकडून सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी ही जोडी खेळत होती आणि पुढचा फलंदाज म्हणून तेरा वर्षांचा अमोल पॅड बांधून बसला होता. गडी बाद व्हायचा आणि त्याने मैदानात जायचं. पण गडी बाद होईल तेव्हा ना! त्या दोघांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. सारा देश त्या दोन नावांनी भारावून गेला. पॅड बांधून बसलेला तिसरा मुलगा तसाच उठला, पॅड सोडले आणि घरी गेला.

ते तीन विद्यार्थी एकाच गुरूचे, रमाकांत आचरेकर सरांचे. अमोलमध्ये गुणवत्ता कमी होती असं कुणीही म्हणणार नाही. १९९४ मध्ये रणजी पदार्पणाच्या सामन्यातच त्यांनी हरियाणाविरुद्ध २६० धावा ठोकल्या. पदार्पणातली ती त्या वेळची जगातली सर्वांत मोठी खेळी होती. पुढची वीस वर्षं ते धावा करतच राहिले. १७१ प्रथम दर्जाचे सामने, ११,१६७ धावा, ३० शतकं. पण त्यांच्या पिढीत भारताच्या मधल्या फळीत तेंडुलकर होते, द्रविड होते, गांगुली होते, लक्ष्मण होते. या भिंतीत मुझुमदारांना दार सापडलं नाही. २०१४ मध्ये ते निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या नावापुढे भारतासाठी खेळलेल्या सामन्यांचा आकडा होता शून्य.

अशा माणसाच्या मनात कडवटपणा साठला असता तर कुणी नवल केलं नसतं. आपल्या आजूबाजूला अशी माणसं काय कमी असतात? संधी हुकलेला बाप मुलाच्या परीक्षेत स्वतःचा पेपर सोडवू पाहतो. नोकरीत डावललेला वरिष्ठ हाताखालच्या तरुणांवर राग काढतो. वाट पाहण्यात आयुष्य गेलेला माणूस पुढच्या पिढीला देणार तरी काय, हा मोठा अवघड प्रश्न असतो.

चेपॉक, २८ जून २०२४

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुझुमदारांकडे भारतीय महिला संघाची जबाबदारी आली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संघाने इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया दोघांनाही कसोटीत हरवलं, आणि लगेच ऑस्ट्रेलियाकडून एकदिवसीय मालिकेतले तिन्ही सामने गमावले. हा संघ असाच होता. आज आकाशात, उद्या जमिनीवर. जिंकायचं कसं ते ठाऊक होतं, पण हरल्यानंतर सावरायचं कसं ते अजून अंगी मुरायचं होतं.

चेपॉकला पराभव आणि विजय दोन्ही पाहायची सवय आहे. १९५२ मध्ये भारताने पहिलावहिला कसोटी विजय मिळवला तो इथेच, इंग्लंडविरुद्ध. कर्णधार होते सांगलीत जन्मलेले विजय हजारे. आणि १९९९ मध्ये पाकिस्तानविरुद्ध सचिनच्या १३६ धावांनंतरही भारत १२ धावांनी हरला, तोही इथेच. त्या दिवशी प्रेक्षकांनी काय केलं? उभं राहून जिंकलेल्या पाहुण्यांसाठी टाळ्या वाजवल्या. हरण्याचंही एक शील असतं, हे या मैदानाने त्या दिवशी दाखवून दिलं.

२८ जूनच्या सकाळी शफाली वर्मा आणि सांगलीत वाढलेली स्मृती मानधना सलामीला उतरल्या आणि २९२ धावा झाल्यावरच ही जोडी फुटली. महिलांच्या कसोटीत सलामीला एवढी मोठी भागीदारी कुणीच केली नव्हती. स्मृतीने १४९ धावा केल्या. वीस वर्षांच्या शफालीने १९४ चेंडूंत द्विशतक पुरं केलं. महिला कसोटीतलं ते सर्वांत जलद द्विशतक होतं. दिवसअखेर फलकावर ४ बाद ५२५ धावा! दुसऱ्या दिवशी ६ बाद ६०३ वर डाव घोषित झाला. महिला कसोटीत सहाशेचा आकडा तोवर कुणी गाठला नव्हता. पाठोपाठ ऑफस्पिनर स्नेह राणाने ७७ धावांत ८ बळी घेतले, पाहुण्या २६६ धावांत आटोपल्या आणि त्यांच्यावर फॉलोऑनची नामुष्की ओढवली.

इथवर सगळं दिवाळीसारखं. प्रशिक्षकाने हात बांधून बसावं आणि हसावं, इतकंच काम. पण खरी परीक्षा त्यानंतर सुरू झाली.

३३७ धावांनी मागे पडलेल्या दक्षिण आफ्रिकेने हार मानायला नकार दिला. सुने लुसने १०९ धावा केल्या. कर्णधार लॉरा वोल्वार्डने १२२ धावा केल्या. नादिन डी क्लर्क नावाची अष्टपैलू खेळाडू ६१ धावांवर खिंड लढवत राहिली. दीडशेहून अधिक षटकं भारताच्या मुली चेन्नईच्या त्या उकाड्यात गोलंदाजी करत होत्या. आधीच्या डावातली षटकं वेगळीच. अशा वेळी खांदे पडतात, हातून झेल निसटतात, एकमेकींकडे पाहण्याच्या नजरा बदलतात. सामना जिंकलेलाच आहे असं वाटत असताना तो संपत नाही, तेव्हा माणूस लवकर चिडतो. स्वयंपाक झाला, पानं वाढली आणि पाहुणे उशिरा आले, की घरातल्या बाईची जी अवस्था होते, तशीच!

१ जुलैला, चौथ्या दिवशी, अखेर ३७३ धावांवर तो डाव संपला. विजयासाठी लागणाऱ्या ३७ धावा शफाली आणि शुभा सतीश यांनी एकही गडी न गमावता केल्या. दहा गड्यांनी विजय. स्नेहचे सामन्यात दहा बळी. सगळ्या देशाने शफालीचं द्विशतक लक्षात ठेवलं. पण पाहणाऱ्याने आणखी तीन नावं लक्षात ठेवायला हवी होती - लुस, वोल्वार्ड आणि डी क्लर्क. हरतानाही न वाकलेल्या प्रतिस्पर्धी. त्यांची गाठ पुन्हा पडणार होती.

चार दिवसांनी बारा धावा

आणि गाठ पडायला फार दिवस लागले नाहीत. ५ जुलैला त्याच चेपॉकवर पहिला टी-ट्वेंटी सामना झाला. दक्षिण आफ्रिकेने ४ बाद १८९ धावा केल्या. भारताच्या मुली ४ बाद १७७ पर्यंत पोहोचल्या. सहा गडी हातात होते, संपली ती षटकं. मुंबईची जेमिमा रॉड्रिग्ज अर्धशतक करून नाबाद राहिली आणि सामना गेला बारा धावांनी. १९९९ मध्ये गेला होता तसाच, नेमका बारा धावांनी.

चार दिवसांपूर्वी विक्रमांचे ढीग रचणारा संघ आता मान खाली घालून परतत होता. दुसरा सामना पावसाने वाहून गेला. म्हणजे मालिका जिंकण्याची आशा संपली होती, उरली होती ती फक्त बरोबरीची. ९ जुलैच्या तिसऱ्या सामन्यात पूजा वस्त्राकरने १३ धावांत ४ बळी घेतले, राधा यादवने तिला साथ दिली आणि पाहुण्यांचा डाव ८४ धावांत गुंडाळला गेला. स्मृतीने नाबाद अर्धशतक केलं आणि भारत दहा गड्यांनी जिंकला.

बारा दिवसांत एकाच मैदानावर चार सामने. एक विक्रमी विजय, एक निसटता पराभव, एक पावसाने गिळलेला दिवस आणि पुन्हा एक दणदणीत विजय. संघ घडवणाऱ्याच्या आयुष्याचं हे जणू छोटं वेळापत्रकच. यातला कोणता दिवस खरा? विजयाचा, की पराभवाचा? जो प्रशिक्षक यातल्या एकाच दिवसावर विश्वास ठेवतो, तो एक तर फुशारतो किंवा कोलमडतो. चारही दिवस आपलेच आहेत हे ज्याला कळतं, तोच पाचव्या दिवशी सरावाला वेळेवर हजर असतो.

आणि पुढचे दिवस काही सोपे नव्हते. त्याच महिन्याच्या अखेरीस श्रीलंकेने आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात भारताला हरवलं. ऑक्टोबरात टी-ट्वेंटी विश्वचषकात भारत साखळीतच बाद झाला. बाण आता सारथ्याच्या दिशेने येऊ लागले होते. जो स्वतः भारतासाठी खेळला नाही तो मुलींना काय शिकवणार, हा प्रश्न विचारणाऱ्यांना तर निमित्तच हवं असतं.

तीन पराभव, दोन वेळा

मुझुमदारांना तीन सलग पराभव म्हणजे काय ते आधीच माहीत होतं. २००६-०७ च्या रणजी हंगामात ते मुंबईचे कर्णधार होते. रणजी म्हणजे मुंबईच्या घरचं कार्य, पण त्या वर्षी पहिले तिन्ही सामने मुंबई हरली. पुढे कशीबशी सावरत उपांत्य फेरी गाठली, तर बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फलकावर शून्य धावा आणि पाच गडी बाद! एकही धाव नाही आणि अर्धा संघ तंबूत. तो सामनाही मुंबईने जिंकला आणि त्या वर्षीचा रणजी करंडकही.

उलट बाजूही त्यांनी अनुभवली. २०२२ मध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक असताना संघ रणजीच्या अंतिम सामन्यात मध्य प्रदेशकडून हरला. समोरच्या संघाचे प्रशिक्षक होते चंद्रकांत पंडित, तेही आचरेकर सरांचेच विद्यार्थी. याच बेंगळुरूच्या मैदानावर १९९९ मध्ये पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते. तेवीस वर्षांनी त्यांचं माप पुरं झालं. मुझुमदारांचं माप पुरं व्हायला अजून तीन वर्षं होती.

३० सप्टेंबर २०२५ ला महिलांचा एकदिवसीय विश्वचषक सुरू झाला. यजमान भारत, काही सामने श्रीलंकेत. याआधी २००५ आणि २०१७ मध्ये भारताच्या मुली अंतिम सामन्यापर्यंत जाऊन हात हलवत परतल्या होत्या. या खेपेला सुरुवात झकास झाली. श्रीलंकेला हरवलं, पाकिस्तानला हरवलं. मग विशाखापट्टणमला दक्षिण आफ्रिकेशी गाठ पडली. रिचा घोषच्या ९४ धावांमुळे भारताने २५१ धावा केल्या होत्या. सामना हातात होता. पण आठव्या क्रमांकावर एक खेळाडू आली आणि ५४ चेंडूंत नाबाद ८४ धावा करून सामना घेऊन गेली. नाव, नादिन डी क्लर्क. चेपॉकच्या उन्हात खिंड लढवणारी तीच!

तीन दिवसांनी त्याच मैदानावर भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३० धावा केल्या. ऑस्ट्रेलियाने त्याही गाठल्या. तोवर महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमध्ये एवढ्या धावांचा पाठलाग कुणी यशस्वी केला नव्हता. मग १९ ऑक्टोबरला इंदूरला इंग्लंड. स्मृती ८८, हरमनप्रीत कौर ७०, दीप्ती शर्मा ५०. विजय समोर दिसत होता, गडीही हातात होते, तरी भारत चार धावांनी हरला. ओळीने तिसरा पराभव.

त्या रात्री ड्रेसिंगरूममध्ये मुझुमदार नेहमीसारखे शांत राहिले नाहीत. हा सामना तुम्ही संपवायलाच हवा होता, हे त्यांनी मुलींना स्पष्ट शब्दांत सुनावलं. कर्णधार हरमनप्रीतने पुढे ही गोष्ट मोकळेपणाने सांगितली. सरांच्या बोलण्याचं कुणालाच वाईट वाटलं नाही, कारण ते मनापासून बोलत होते, असंही ती म्हणाली.

घरातल्या मोठ्या माणसांनी इथे क्षणभर थांबावं. मुलगा परीक्षेत नापास होतो, मुलीचा स्पर्धेत शेवटचा नंबर येतो. तेव्हा आपण काय करतो? एक तर ‘जाऊ दे रे, पेपरच अवघड होता’ म्हणून पांघरूण घालतो, नाही तर चार पाहुण्यांसमोर त्याची अब्रू काढतो. चूक दाखवायची, पण ती दार लावून दाखवायची. आणि दार उघडलं की जगासमोर त्याच मुलाच्या पुढे उभं राहायचं. हे फार थोड्यांना जमतं. दोन वर्षं ज्या माणसाने आपले व्रण झाकून तुमच्या पुढे बाण झेलले, त्याच्या एका रागाच्या वाक्याला वजन येतं. रोज रागावणाऱ्याच्या वाक्याला ते कुठून येणार?

बाकावर कुणी बसायचं?

इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात जेमिमाला वगळलं होतं. दोन सामन्यांत ती शून्यावर बाद झाली होती आणि संघाला एक जादा गोलंदाज हवा होता. पॅड बांधूनही खेळायला न मिळण्याचं दुःख ज्या माणसाइतकं कुणालाच कळलं नसेल, त्याच्याच संघातून तिला बाहेर बसावं लागलं. प्रशिक्षकाच्या कामातला हा सर्वांत कठोर भाग. अकरा जागा असतात आणि मुली पंधरा. कुणाला तरी बसावंच लागतं. स्वतः बसलेल्या माणसाला हे कळतं, म्हणून ते कमी दुखतं असं नाही. उलट जास्तच दुखत असेल.

न्यूझीलंडविरुद्ध मात्र जिंकणं भागच होतं. नवी मुंबईतल्या त्या सामन्यात जेमिमा परत आली, तिसऱ्या क्रमांकावर खेळली आणि तिने नाबाद ७६ धावा केल्या. स्मृती आणि प्रतिका रावल यांनी शतकं ठोकली. संघ उपांत्य फेरीत पोहोचला. पण बांगलादेशविरुद्ध प्रतिकाच्या घोट्याला दुखापत झाली आणि भरात असलेली सलामीची फलंदाज गमावावी लागली. तिच्या जागी कुणाला बोलावलं? वर्षभर एकदिवसीय संघाबाहेर असलेल्या, देशांतर्गत स्पर्धेत खेळत असलेल्या शफाली वर्माला. चेपॉकच्या द्विशतकवालीला!

३० ऑक्टोबरला उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३८ धावा केल्या. २०१७ नंतर विश्वचषकात हा संघ एकदाही हरला नव्हता. मधल्या वेळेत मुझुमदारांनी लांबलचक भाषण केलं नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं, की अंतिम सामन्यात जायला त्यांच्यापेक्षा फक्त एक धाव जास्त हवी. बस्स! ३३९ चा डोंगर एका धावेवर आणून ठेवला. आपण तिसऱ्या क्रमांकावर जाणार हे जेमिमाला जेमतेम पाच मिनिटं आधी कळलं. ती गेली आणि शेवटपर्यंत उभी राहिली. नाबाद १२७. हरमनप्रीतच्या ८९. भारत ५ बाद ३४१. एकदिवसीय महिला क्रिकेटमधला सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग. अठरा दिवसांपूर्वी ऑस्ट्रेलियाने भारताविरुद्ध केलेला विक्रम भारताने ऑस्ट्रेलियाविरुद्धच मोडला. सामना संपल्यावर जेमिमा रडत रडत सांगत होती की या स्पर्धेत आपण कितीदा तरी रडलो. तिच्याबरोबर टीव्हीसमोर बसलेल्या किती आया रडल्या असतील, त्याची गणती नाही.

चेपॉकची उरलेली गोष्ट

२ नोव्हेंबर २०२५. नवी मुंबईत अंतिम सामना. समोर दक्षिण आफ्रिका, म्हणजे पुन्हा वोल्वार्ड आणि पुन्हा डी क्लर्क. चेपॉकला जी गोष्ट सुरू झाली होती ती इथे पुरी होणार होती. पावसाने सामना दोन तास लांबवला. शफालीने ८७ धावा केल्या, दीप्तीने ५८, भारताच्या ७ बाद २९८ झाल्या. वोल्वार्डने चेपॉकसारखंच शतक ठोकलं, १०१ धावा. फलंदाज म्हणून आलेल्या शफालीने चेंडू हाती घेतला आणि दोन बळी मिळवले. दीप्तीने पाच बळी टिपले. शेवटची आशा होती ती डी क्लर्कची. मध्यरात्र उलटताना तिने मारलेला चेंडू हवेत उंच गेला आणि मागे धावत गेलेल्या हरमनप्रीतच्या हातात विसावला. भारत ५२ धावांनी जगज्जेता!

स्नेह राणा त्या अंतिम अकरात नव्हती. चेपॉकला दहा बळी घेणारी स्नेह त्या रात्री राखीव खेळाडू होती आणि तिच्या जागी राधा यादव खेळत होती. बाकावरची स्नेहही विश्वविजेत्या संघाचीच, मैदानात झेल घेणाऱ्या कर्णधाराइतकीच. पॅड बांधून बसलेल्या तेरा वर्षांच्या अमोलला १९८८ मध्ये हे कुणी सांगितलं असेल का?

विजयानंतर हरमनप्रीत आपल्या प्रशिक्षकाकडे आली आणि तिने वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मग दोघांनी मिठी मारली. मुलींनी करंडक मिताली राज आणि झुलन गोस्वामी यांच्या हातात दिला. आयुष्यभर खेळूनही हा करंडक ज्यांच्या वाट्याला आला नव्हता, त्या थोरल्या बहिणी. जिंकलेल्यांनी न जिंकलेल्यांना आपल्यात ओढून घेणं, हेही या मुली कुठेतरी शिकल्या होत्याच.

शाळेच्या मैदानावरचा खो-खोचा संघ असो, जिल्ह्याच्या स्पर्धेला एसटीने निघालेला सॉफ्टबॉलचा संघ असो, नाही तर विश्वचषक खेळणारा क्रिकेटचा संघ असो, त्यांच्यामागे असा कुणीतरी उभा असतो. बक्षीस समारंभाच्या छायाचित्रात तो बहुधा कडेला असतो. पराभवाच्या दुसऱ्या दिवशी मैदानावर मात्र सर्वांत आधी तोच आलेला असतो. हरलेल्या मुलींच्या नजरा चुकवत तो चेंडूंची पिशवी उघडतो आणि म्हणतो, चला, सुरुवात करू.

तिरुवल्लिकेणीच्या देवळात आजही तो मिशीवाला कृष्ण शंख घेऊन उभा आहे. उत्सवाच्या दिवशी पालखी रस्त्यावरून जाते, तेव्हा लोक हात जोडून त्या चेहऱ्याकडे बघतात. तिथल्या लोकांना त्या व्रणांचं कधीच वैगुण्य वाटलेलं नाही. ते झाकावेत, बुजवावेत असंही कुणाला वाटत नाही. ज्याच्या रथात अर्जुन सुखरूप राहिला, त्याचा चेहरा असाच असणार, हे त्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे.